विधवा प्रथा बंदीचा ठराव : प्रोसिडिंगमध्ये आहे, गावात नाही

नदीकाठ :

गाव देशावरचं, मतदार साधारण २,८००. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंदीचा ठराव केल्याची बातमी २०२२ मध्ये गाजली, त्या वर्षी आमच्या ग्रामपंचायतीनेही ठराव घेतला. प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) एकच ओळ आहे : "गावात विधवा प्रथा बंद करण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर." हा ठराव ग्रामसभेत झालेला नाही. मासिक सभेत शेवटी, 'ऐनवेळचे विषय' मध्ये झाला. सूचक आणि अनुमोदक दोघेही पुरुष सदस्य. वेशीवर फ्लेक्स लागला, पेपरात फोटो आला, विषय संपला.

त्यानंतर गावात जिथे जिथे नवरा गेला, तिथे सगळं पूर्वीसारखंच झालं. तिरडी उचलायच्या आधी बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली. एका घरी हे दहाव्याला घाटावर झालं. हे करणाऱ्या बहुतेक वेळा घरातल्याच विधवा आत्या नाहीतर चुलत सासवा असतात. ठरावाचं कुणाला आठवतही नाही, आणि ज्यांना आठवतं ते म्हणतात, "मयताच्या दारात कुठं कायदा काढायचा?"

आता नव्या सरपंचताई हे नीट करायला तयार आहेत. म्हणून विचारते :

जुना ठराव चालेल की नवा घ्यावा? नवा घ्यायचा तर मजकूर काय असावा? काही सदस्यांना ५,००० रुपये दंड ठेवायचाय, तो ठेवता येतो का? प्रत्यक्ष मयताच्या दिवशी कोणी, कधी, काय करायचं? आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा बायकांना बोलावलं तर त्या येत नाहीत, त्याचं काय?

भावनिक प्रतिसाद नकोत, कृपया कामाचं सांगा.

---

प्रोसिडिंग बुक :

नवा घ्या. जुना ठराव बेकायदा नाही, पण लंगडा आहे. मासिक सभेचा ठराव म्हणजे सदस्यांचं मत. ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावातल्या मतदारांचं मत. रूढी गाव पाळतं, तेव्हा ती सोडल्याचंही गावानेच म्हणायला हवं. शिवाय 'ऐनवेळचे विषय' मध्ये घेतलेल्या ठरावाला कोणीही म्हणू शकतो की आम्हाला माहीतच नव्हतं. आणि ते खरंही असतं.

क्रम असा ठेवा. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ७ प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं त्याच कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ही महिला सभा रजिस्टर घरोघर फिरवून 'होते'. यावेळी ती खरोखर घ्या, आणि चावडीत न घेता अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या बैठकीच्या जागी घ्या, दुपारी दोन ते चारमध्ये. सकाळी पाणी आणि संध्याकाळी धारा असतात, त्या वेळेला बायका येणार नाहीत. ठरावाचा मसुदा तिथे मोठ्याने वाचा आणि बदल तिथेच करा. तो महिला सभेची शिफारस म्हणून ग्रामसभेपुढे येऊ दे.

नोटीस किमान सात दिवस आधी द्या. विषयपत्रिकेत विषय स्पष्ट लिहा. "सामाजिक विषय" असं मोघम नको. "पतीच्या निधनानंतर स्त्रीवर होणाऱ्या सक्तीच्या प्रथा थांबवणे व तिच्या हक्कांच्या नोंदी वेळेत करणे" एवढं सगळं लिहा. दवंडीतही हेच शब्द वापरा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी संख्या. तुमच्या गावाला १५ टक्के म्हणजे ४२०, म्हणून १०० पुरेत. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे नवा विषय घुसवता येत नाही. विषय मूळ पत्रिकेतच हवा, तो याचसाठी.

सूचक आणि अनुमोदक दोघी बायका असाव्यात, त्यातली एक विधवा असेल तर उत्तम. पण तिला पुढे ढकलू नका, आधी विचारा.

आता दंड. ठेवता येत नाही. कर, अतिक्रमण, स्वच्छता यांबाबत ग्रामपंचायतीला जे अधिकार आहेत ते कायद्याने दिलेले आहेत. रूढी पाळली म्हणून दंड वसूल करायचा अधिकार त्यात कुठेही नाही. काही ठिकाणी जोशात "अशा कुटुंबाला दाखले देऊ नयेत" असंही लिहिलं जातं. हे तर उलटच झालं : मृत्यूचा दाखला अडवला की नुकसान त्याच बाईचं. "अशा घराशी कोणी व्यवहार करू नये" हे लिहिलंत, तर सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याशी (२०१६ चा, अमलात जुलै २०१७ पासून) गाठ पडेल. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हक्क मिळवून द्यायला निघालेल्यांनीच दुसऱ्याचा हक्क मोडायचा, असा हा प्रकार.

मजकुराचं म्हणाल तर तुमच्या एका ओळीत दोन चुका आहेत. 'विधवा प्रथा' म्हणजे काय ते सांगितलेलं नाही, आणि 'बंद' कोणी करायचं तेही नाही. माझा मसुदा असा :

"भारतीय संविधानाचे अनुच्छेद १४, १५ व २१ आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करण्याचे अनुच्छेद ५१क(ङ) मधील मूलभूत कर्तव्य लक्षात घेऊन ही ग्रामसभा ठरवते की, पतीच्या निधनानंतर कोणत्याही स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे, विशिष्ट वस्त्र नेसण्यास लावणे, तसेच तिला सण-समारंभ, शुभकार्य व देवकार्यात सहभागी होण्यास मज्जाव करणे या गोष्टी गावातील कोणतीही व्यक्ती तिच्यावर लादणार नाही. काय ठेवावे व काय ठेवू नये हा निर्णय त्या स्त्रीचा राहील व त्याचा मान राखला जाईल. निधनाची माहिती मिळताच यासाठी नेमलेल्या सोबत समितीच्या सदस्या त्या घरी जातील. मृत्यू नोंद, घराच्या नमुना ८ (कर आकारणी नोंदवही) मधील नोंद व वारस नोंदीचा अर्ज यांचा पाठपुरावा ग्रामपंचायत करील व त्याचा आढावा प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवील."

'लादणार नाही' हे दोन शब्द मुद्दाम आहेत. 'कोणीही काढणार नाही' असं लिहिलं, तर ज्या बाईला स्वतःलाच मंगळसूत्र नको आहे तिच्यावर तुम्ही नवी सक्ती करता. आणि मजकुरात जात-धर्माचं नाव घालू नका. गावात मुसलमान घरं असतील तर इद्दतीसारख्या (पतीनिधनानंतर मुस्लीम स्त्रीने पाळायचा ठरावीक काळ) गोष्टीत ठरावाने शिरू नये. 'लादणं' एवढाच धागा धरला की तो सगळ्यांना सारखा लागतो.

एक अवांतर. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १९९३ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली, पण रूढी बदलण्याच्या कलमाला एक घोषणा जोडली : कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाचा पुढाकार आणि संमती असल्याशिवाय सरकार ढवळाढवळ करणार नाही. दिल्लीने ज्या 'पुढाकार आणि संमती'ची अट घातली, ती कागदावर दिसण्याची माझ्या मते सगळ्यात सरळ जागा म्हणजे ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक.

सभा झाल्यावर ठरावाची प्रत पंचायत समिती, पोलीस ठाणे आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या, पोच घ्या. ग्रामविकास विभागाचं १७ मे २०२२ चं परिपत्रक सोबत जोडा. हेरवाडसारखे ठराव इतर ग्रामपंचायतींनी करावेत, असं त्यात सांगितलेलं आहे. ग्रामसेवक भाऊसाहेब "असा ठराव घेता येतो का?" म्हणून डोकं खाजवत बसले तर हे उपयोगी पडतं.

---

गटारं आधी :

ग्रामपंचायतीने गटारं, दिवाबत्ती बघावी. लोकांच्या घरात घुसून बांगड्या मोजणं हे काम कधीपासून झालं?

---

प्रोसिडिंग बुक :

@गटारं आधी, २४ एप्रिल १९९३ पासून. ७३ वी घटनादुरुस्ती त्या दिवशी लागू झाली. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. गटारं त्यात आहेतच. २१ वा विषय सांस्कृतिक कार्य, २२ वा बाजार आणि जत्रा, २५ वा महिला व बालविकास. हे विषय पंचायतींकडे सोपवण्यासाठीच ती यादी आहे. घरात घुसण्याबद्दल तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे. म्हणूनच 'लादणार नाही' म्हटलंय, 'तपासणार' असं कुठेही नाही.

---

सावडणीआधी :

वरचा कागद पक्का झाला असं धरून मयताच्या दिवसाचं लिहितो. ठराव फसतात ते इथे.

आपल्याकडे मयत झाल्यापासून तिरडी उचलेपर्यंत साधारण तीन ते सहा तास जातात. लांबच्या लेकीची वाट बघायची असेल तर जास्त. बांगड्या फोडल्या जातात त्या शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत, पाणी घालून झाल्यावर. तेव्हा दारात शंभर माणसं असतात, रडारड टिपेला पोचलेली असते, आणि घाई असते. त्या क्षणी समिती दारात येऊन "ठराव आहे" म्हणाली, तर तिला हाकलून देतील. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे तो पहिल्या दोन तासांचाच.

मयताची बातमी गावात सगळ्यात आधी कोणाला कळते, ते बघा. तिरडीचे बांबू, मडकं, सुतळी, पांढरं कापड देणारा दुकानदार. अंत्यविधीला बोलावतात तो भटजी, जंगम किंवा गावात जो कोणी विधी सांगतो तो. ट्रॅक्टरवाला किंवा शववाहिकेचा चालक. आशाताई. या चार-पाच जणांकडे सोबत समितीच्या दोन बायकांचे नंबर असू द्या. दुकानदाराने सामान बांधतानाच फोन करायचा, एवढंच त्याचं काम.

समितीत पाच-सहा जणी पुरेत : आशा किंवा अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या दोघी, एक वयस्क विधवा, शक्य असेल तर पोलीस पाटलांच्या किंवा सरपंचांच्या घरातली बाई. प्रत्यक्ष घरी मात्र दोघीच जाऊ द्या. त्यातली एक त्याच भावकीतली किंवा शेजारची हवी. सरपंच पुरुष असेल तर त्याने आत जाऊ नये. त्याने बाहेर पुरुषांत बसावं, मयताच्या थोरल्या भावाशी किंवा कर्त्या मुलाशी बोलावं.

बोलायचं काय? 'ठराव', 'कायदा', 'प्रथा' हे शब्दही नकोत. थोरल्या माणसाला एकच प्रश्न विचारा : "वहिनींच्या अंगावरचं तसंच राहू द्यायचं ना?" बहुतेक वेळा उत्तर "राहू द्या की" असंच येतं. त्या घाईत कुणीतरी परवानगी मागितलेली असते, हेच पुरेसं असतं. हे उत्तर मिळाल्यावर आतल्या दोघींपैकी एकीने ज्या बाई हे करतात त्यांच्याजवळ जाऊन सांगायचं, "दादा म्हणालेत, राहू द्या." आतल्या बायका थोरल्याच्या नावावर थांबतात. हे पुरुषी आहे हे मान्य, पण पहिल्या दोन-चार मयतांना याच दाराने आत जावं लागतं.

दुसरी नवरा गेलेल्या बाईच्या डाव्या हाताला चिकटून बसते आणि शेवटपर्यंत उठत नाही. हे ऐकायला साधं वाटतं, पण सगळं काम इथेच आहे. बांगड्या फोडायच्या म्हणजे मनगट धरून दगडावर किंवा उंबऱ्यावर आपटतात, नाहीतर दोन्ही हात एकमेकांवर आपटतात. काच मनगटात घुसते. आधीच भोवळ आलेल्या बाईचे हात दोघी-तिघींनी ओढलेले असतात. शेजारी कोणीतरी हात हातात घेऊन बसलेलं असलं की तो ओढायला जागाच राहत नाही.

तिला स्वतःलाच बांगड्या नको असतील तर? मग फोडायच्या नाहीत, काढायच्या. आतल्या खोलीत नेऊन हाताला खोबरेल किंवा साबणाचं पाणी लावून एकेक सरकवायची. काढलेलं मंगळसूत्र, जोडवी तिच्याच हातात किंवा ती सांगेल त्या माणसाकडे द्यायची, दोघींच्या देखत. मणी-वाट्या मिळून चार-सहा ग्रॅम सोनं असलं तरी तेवढीच तिची स्वतःची पुंजी असते, आणि 'सांभाळायला' म्हणून घेतलेलं पुन्हा दिसत नाही.

त्या दिवशी निभावलं म्हणजे झालं असंही नाही. दहाव्याला आणि तेराव्याला माहेर-सासरचे पाव्हणे येतात. भाऊ पांढरं किंवा फिकं लुगडं घेऊन येतो. पाव्हण्यांना तुमच्या गावचा ठराव माहीत नसतो, आणि "पहिल्या दिवशी राहिलं, आता तरी करा" असा आग्रह तेच धरतात. म्हणून तिसऱ्या दिवशी, सावडल्यानंतर, समितीतली एक जण परत जाऊन येते आणि भावाला फोन करते : साडी आणायची तर रंगीत आणा. भावाला हे कोणीतरी सांगायलाच हवं असतं. त्याला स्वतःहून धाडस होत नाही.

सक्ती झालीच, मारहाण झाली, तर मात्र गोड बोलत बसू नका. ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१. पुढे कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. नवरा वारला म्हणून तो कायदा संपत नाही. सासरच्या घरात राहण्याचा विधवेचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२२ च्या निकालात स्पष्ट केला आहे.

---

नदीकाठ :

@सावडणीआधी, दुकानदाराची युक्ती लगेच करता येईल. शंका एक : समितीत वयस्क विधवा घ्या म्हणता, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच आहे. "आम्ही सोसलं, हिला का सूट?" असं तोंडावर म्हणतात.

---

सावडणीआधी :

तसंच म्हणणार. त्यांना नव्या विधवेबद्दल विचारू नका, त्यांच्याबद्दल विचारा. महिला सभेत पहिला प्रश्न असा ठेवा : "नातवाच्या लग्नात अक्षता टाकायला तुम्ही मागे उभ्या राहिलात का?" त्यावर त्या बोलतात, आणि बराच वेळ बोलतात. त्यानंतर मसुदा वाचा. ठरावात 'सण-समारंभ, शुभकार्य' हा भाग आहे तो त्यांच्यासाठीच. बांगड्यांचा दिवस त्यांच्या मागे पडलाय, पण हळदी, बारसं, ओटी रोज समोर आहे. त्यांना ठरावातून काहीच मिळणार नसेल तर त्या का पाठिंबा देतील?

---

सात बारा आठ अ :

वरचं सगळं ठीक, पण ठराव बांगड्यांपाशी थांबला तर दोन वर्षांनी बाई मंगळसूत्र घालून भावकीच्या दारात धान्य मागताना दिसेल. प्रोसिडिंग बुक यांनी मसुद्यात नोंदींचं एक वाक्य टाकलंय, ते कसं राबवायचं ते सांगतो.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, आणि गावात निबंधक ग्रामसेवकच असतो (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय). म्हणजे ही गोष्ट शंभर टक्के ग्रामपंचायतीच्या हातात आहे. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून बाईच्या हातात द्या, दिराच्या नको. पुढच्या प्रत्येक अर्जाला तो लागतो, आणि एकच प्रत असली की ती नेमकी दुसऱ्याच्या कपाटात असते.

घर : नमुना ८ ला वारसाची नोंद ग्रामपंचायतच घेते. अर्ज येण्याची वाट न बघता कोरा अर्ज दाखल्यासोबतच द्या.

शेतजमीन : वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायचा असतो, ई-हक्क वरून ऑनलाइनही करता येतो. नोंद आधी गाव नमुना ६-क ला (वारसांच्या नोंदवहीत) होते, मग फेरफार (हक्क बदलाची नोंद), मग १५ दिवसांची नोटीस, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई यांना सारखा वाटा. पत्नीने पुढे लग्न केलं तरी मिळालेला वाटा परत जात नाही. गावात हे कुणालाच पटत नाही, म्हणून ग्रामसभेत मोठ्याने वाचा.

अडकतं कुठे, तर तीन ठिकाणी. पहिलं, जमीन थोरल्या भावाच्या नावाने 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून असते. मयताचं नाव सातबाऱ्यावर मुळात नसतंच, मग वारस कोणाचे लावणार? अशा वेळी साध्या वारस अर्जाने काम होत नाही. आधी बाकीच्या सहहिस्सेदारांची नावं दाखल करून घ्यायला वेगळा अर्ज करावा लागतो, आणि भाऊ अडून बसला तर वकील लागतो. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तिथेच पाठवा.

दुसरं, मुलं लहान असतात आणि नावापुढे 'अ.पा.क.' म्हणून चुलत्याचं नाव लागतं. अज्ञान पालनकर्ती म्हणून आईचंच नाव अर्जात लिहा. नोटीस आल्यावर फेरफाराचा मजकूर वाचून बघा, नुसती सही करू नका.

तिसरं सगळ्यात वाईट. तेराव्याच्या आत 'बँकेच्या कामाला' म्हणून सह्या-अंगठे घेतले जातात आणि त्यातला एक कागद हक्कसोडपत्राचा असतो. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, म्हणजे दुय्यम निबंधकाकडे जावं लागतं. समितीने बाईला एकच वाक्य पढवावं : "महिनाभर मी कुठंही सही करणार नाही, कुठल्या ऑफिसात येणार नाही."

पैशाचं थोडक्यात : संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिना १,५०० रुपये, वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा तहसीलचा दाखला लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता १८ ते ५९ वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० एकदाच. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. त्यासाठी महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा.

शेवटचं म्हणजे रजिस्टर. साधी दोनशे पानी वही. रकाने : निधनाची तारीख, पत्नीचं नाव, सोबत कोण गेलं, मृत्यू दाखला दिल्याची तारीख, नमुना ८, फेरफार क्रमांक, योजना अर्जाची पोच. 'बांगड्या फोडल्या का' असा रकाना ठेवू नका. तो ठेवला की लोक दार लावून घेतील आणि समितीला पोलीस समजतील. ग्रामसभेत वाचतानाही नावं नकोत, फक्त आकडे : इतकी निधनं, इतक्या वारस नोंदी पूर्ण, इतक्या अडकल्या.

आणि नवरा जिवंत असतानाच करायचं काम : लक्ष्मी मुक्ती योजनेत पत्नीचं नाव सातबाऱ्याला सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, घराच्या उताऱ्यावर दोघांची नावं लावता येतात. सदस्यांनी आधी स्वतःचे उतारे करावेत. फ्लेक्सपेक्षा तो कागद जास्त बोलतो.

---

टाळकरी :

हळदीकुंकवाचा प्रश्न राहिला.

'विधवांसाठी हळदीकुंकू' असा बोर्ड लावला की येत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. आयुष्यभर ज्या नावाने बाजूला बसवलं त्याच नावाने स्टेजवर कोण बसेल? कार्यक्रम सगळ्यांचा ठेवा, आमंत्रण घरागणिक नावाने द्या, आणि ते द्यायला सवाष्ण आणि विधवा अशा दोघी मिळून जाऊ द्या. पहिल्या वर्षी कुंकू लावण्याचा आग्रह नको. हातात तीळगूळ आणि वाण सगळ्यांना सारखं. कुंकवाचा करंडा ताटात ठेवून ताट पुढे करायचं, जिला घ्यायचं ती स्वतः बोट लावते. कपाळाकडे हात नेलात की ती मागे सरकते, आणि शेजारच्या दहा जणी ते बघतात. फोटोग्राफर तर पहिल्या वर्षी बोलवूच नका.

खर्च वाणापुरता वर्गणीतून करा. स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी राखीव असतात, पण स्टीलच्या वाट्यांवर टाकले तर लेखापरीक्षणात प्रश्न येऊ शकतो. ते पैसे वारस नोंदीच्या शिबिराला, समितीच्या प्रशिक्षणाला वापरा.

जत्रा आणि देवस्थानाचं बघा. पालखीपुढे आरतीचं ताट, गौरीची ओटी, नव्या विहिरीचं पाणीपूजन, शाळेचं उद्घाटन, यातला सोपा भाग आधी घ्या. पाणीपूजन आणि उद्घाटन ग्रामपंचायतीचंच असतं, तिथे कोणाची परवानगी लागत नाही. १५ ऑगस्टला ध्वजपूजनाचा नारळ विधवा बाईच्या हाती द्या. देवळाची वेळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते, आणि तोवर गुरवालाही सवय झालेली असते.

दहाव्याचं प्रवचन ही तर हुकमी जागा. आपल्याकडे दशक्रियेला घाटावर महाराजांचं अर्धा-पाऊण तास प्रवचन असतं, त्यानंतर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या (त्या प्रवचनापेक्षाही लांबतात, असो). पाचशे-हजार माणूस शांत बसलेलं असतं, पंचक्रोशीतले पाव्हणे असतात. तुमच्या भागात नेहमी येणाऱ्या तीन-चार कीर्तनकारांना आधीच भेटा आणि दोनच वाक्यं मागा : या गावाने असा ठराव केलाय, आणि या घराने तो पाळलाय. घराचं कौतुक हजार माणसांपुढे झालं की पुढच्या घराला तेच हवं असतं. पण घराने खरंच पाळलं असेल तरच. नाहीतर टोमणा होतो.

कोल्हापूर, सांगली, सातारा पट्ट्यात असाल तर शाहू महाराजांचं नाव घ्या. करवीर संस्थानात त्यांनी १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा केला. हेरवाडचा ठराव त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत झाला, तेही उगाच नाही. दुसरीकडे फुल्यांचं नाव चालेल : पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ चं. आणि केशवपन बंद पडलं त्यात १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी "आम्ही वस्तरा लावणार नाही" म्हटलं, याचाही वाटा होता. ज्याच्या हातून विधी होतो त्याने हात आखडला की रूढीची पंचाईत होते. तुमच्या गावात तो हात कोणाचा, ते वर सावडणीआधींनी सांगितलंच आहे : घरातल्याच आत्या आणि सासवा. त्यांना प्रवचनात पुढच्या रांगेत बसवा.

शब्दांवर मात्र अडून बसू नका. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रालयातून 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' असा शब्द सुचवला गेला आणि बायकाच चिडल्या. ठरावात 'एकल महिला' किंवा नुसतं 'पतीच्या निधनानंतर ती स्त्री' चालतं. बोलताना नावाने हाक मारा, सुमनकाकू, शांतामावशी.

---

नदीकाठ :

महिला सभेची तारीख धरतोय, अंगणवाडीत, दुपारी दोनला. मसुद्यात 'आढावा प्रत्येक ग्रामसभेत' ऐवजी 'आढावा आधी महिला सभेत, मग ग्रामसभेत' केलं तर चालेल का? आकडे पहिल्यांदा बायकांनी ऐकावेत असं सरपंचताईंचं म्हणणं आहे.

---

प्रोसिडिंग बुक :

चालेल, उलट चांगलं. फक्त महिला सभेचं इतिवृत्त वेगळ्या वहीत ठेवा, आणि त्यावर सह्या त्याच दिवशी, तिथेच घ्या. दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन घरोघर फिरला की ती सभा पुन्हा कागदावरची होते.